चाळीस अग्रेसर

अकोल्याच्या यशोधरा ढोकेला समुद्र तोंडपाठ होता. फक्त तो तिनं कधी पाहिला नव्हता. अरबी समुद्राच्या तळाशी कुठे डोंगर आहेत, कोणत्या महिन्यात कोणता प्रवाह कुणीकडे वळतो, किती खोलीवर गेल्यावर सूर्यप्रकाश हात टेकतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण बाबांचं औषधांचं दुकान आणि आईची शाळा यांच्या सुट्ट्या कधी जुळायच्या नाहीत. दरवर्षी समुद्राचा बेत ठरायचा आणि दरवर्षी तो पुढच्या वर्षावर जायचा. म्हणून अकरावीच्या सुट्टीत 'अग्रेसर' शिबिरासाठी तिची निवड झाली, तेव्हा तिनं घरात जी उडी मारली, तिच्यामुळे खालच्या मजल्यावरचे काका भूकंप समजून बाहेर आले.

शिबिर होतं चिखलदऱ्याला, डोंगरावर. समुद्राशी त्याचा संबंध एवढाच, की शिबिरातल्या एका विद्यार्थ्याला 'जलवेध' या संशोधन जहाजावर पाठवणार होते. गोव्याहून निघायचं, कोचीला थांबायचं आणि तिथून वळसा घालून परत गोव्याला यायचं, असा दीड महिन्याचा प्रवास. विद्यार्थ्यासाठी जहाजावर बिछाना एकच. तो आपलाच, असं यशोधरानं बस घाट चढत असतानाच ठरवून टाकलं होतं. अडचण एवढीच होती की बसमधल्या उरलेल्या मुलांनीही तेच ठरवलं होतं.

राज्यभरातून निवडलेली चाळीस मुलं होती ती. प्रत्येक जण आपापल्या शाळेचा वर्गप्रमुख, वक्तृत्वाचा ढालविजेता, विज्ञान प्रदर्शनाचा मानकरी. सकाळी गणित आणि पदार्थविज्ञान, दुपारी वादविवाद, संध्याकाळी नेतृत्व असा भरगच्च बेत होता. सन दोन हजार अडतीसमधली मुलं असली तरी ओळख करून देताना जुन्यांसारखीच घसा खाकरत होती.

यशोधराच्या खोलीत मिरजेची नाझनीन सतारमेकर होती. आडनावच सांगत होतं की घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनतात. ती खोलीत शिरली ती डोळ्यांवर मोठा चष्मा, पाठीवर सतार आणि हातात पेरूंची पिशवी घेऊन.

"मी आलो," ती म्हणाली. मिरज-कोल्हापूरकडच्या मुलींसारखी ती स्वतःबद्दल 'आलो-गेलो'च बोलायची. "नाव सांग, आणि खिडकीजवळची खाट मला दे. घाटात लई उलट्या झाल्यात."

"यशोधरा."

"येवढं लांबडं? येशे म्हणतो मी."

पहिल्या दोन दिवसांत यशोधरा जेवढी हसली तेवढी गेल्या दोन वर्षांत हसली नव्हती. नाझनीनचा एक मामू होता आणि त्या मामूच्या गोष्टी संपत नव्हत्या. मामूच्या दुकानात एकदा एक पुढारी आले. सतार खालून वरून न्याहाळून म्हणाले, "अहो, आता सगळं वायरलेस झालंय, तुमच्या सतारीला अजून एवढ्या वायरी कशाला?" नाझनीन पुढाऱ्याची मान अशी काही डोलवायची की यशोधरा खाटेवरून खाली घसरायची. अभ्यासाच्या पायी आजवर तिला मैत्रीण अशी नव्हतीच, स्पर्धक होत्या. हे काहीतरी वेगळंच होतं आणि तिला ते फार आवडत होतं.

तिसऱ्या दिवशी डॉ. पांढरीपांडे मॅडमनी सगळ्यांच्या मनगटांवर मेळपट्ट्या बांधल्या.

मॅडम मेंदूशास्त्रज्ञ, मूळच्या नागपूरच्या, आणि शिबिराच्या प्रमुख. केस पांढरे, चाल वादळी, आणि डोक्यावर ठेवलेला चष्मा दिवसभर इतरत्र शोधायची सवय. नाझनीनची सतार मागवून घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर वरची एक तार छेडली.

"आता खालच्या बारीक तारांकडे बघा. त्यांना मी हात लावला का?"

तारा थरथरत होत्या.

"तरफा हायत त्या," नाझनीन म्हणाली. "वरची वाजली की आपोआप वाजतात. पण सुरात लावल्या असल्या तरच."

"माणसांचंही तसंच आहे," मॅडम म्हणाल्या.

शास्त्र तसं समजायला अवघड नव्हतं. माणसं एकत्र आली की त्यांची शरीरं एकमेकांचं ऐकू लागतात. एकत्र गाणाऱ्यांचा श्वास जुळतो, श्वासामागून हृदयाचे ठोकेही जुळायला लागतात. एकानं जांभई दिली की समोरच्याचा जबडा हलतो. एक हसला की दुसऱ्याला कारण कळायच्या आतच त्याच्या गालाचे स्नायू कामाला लागलेले असतात. एवढं तर पूर्वीपासून माहीत होतं. मॅडमनी त्याच्या पुढची पायरी गाठली होती. मेळपट्टी ठोके, श्वास, त्वचेवरचा घाम आणि स्नायूंची बारीकशी हालचाल टिपायची. मग चाळीस मनगटांवरची माहिती एकत्र करून संगणक बघायचा, की बदल आधी कुणात झाला आणि मागाहून कुणात. एकदा झालं तर योगायोग. पण तीच माणसं वारंवार तुमच्यामागून बदलत राहिली, तर ती तुमच्यामागून चालतात असं समजायचं. जितके तुमच्या मागून आले तितके गुण जमा, जितक्यांच्या मागून तुम्ही गेलात तितके वजा. उरेल तो तुमचा पुढाकार-अंक.

"भाषणं कोणीही पाठ करतं," मॅडम म्हणाल्या. "लोक खरोखर कुणाच्या मागून जातात ते शरीर सांगतं. जहाजावर कोण जाणार ते मी ठरवणार नाही. ही पट्टी ठरवेल."

दोन दिवसांनी भोजनगृहाच्या भिंतीवर पहिला फलक उजळला. सर्वांत वर नाझनीन सतारमेकर. यशोधरा ढोके एकतिसावी.

एकतीस हा आकडा यशोधराच्या आयुष्यात याआधी फक्त महिन्याच्या शेवटी आला होता. तिनं फलक तीनदा वाचला. मग जेवणाचं ताट तसंच ठेवून ती बाहेर व्हरांड्यात आली. तिच्या मागोमाग पुण्याचा अर्चित बेहेरे आला. तो तेविसावा होता आणि ती गोष्ट त्याला फारच लागली होती.

"मी जरा विचार केला," अर्चित म्हणाला. त्यानं नेहमीच जरा विचार केलेला असायचा. "तू तिच्या प्रत्येक विनोदाला हसतेस. प्रत्येक हसण्याला तुझा एक गुण वजा, तिचा एक जमा. तू स्वतःच तिला वर चढवते आहेस."

"मग काय, हसायचं नाही?"

"नंतर हसायचं नाही. आधी हसलीस तर चालेल."

विनोदाच्या आधी कसं हसायचं ते काही त्यानं सांगितलं नाही. पण गणित बरोबर होतं, आणि बरोबर गणितापुढे यशोधराचं कधीच काही चालत नसे. रात्रीपर्यंत ही बातमी चाळीसही जणांपर्यंत पोचली, आणि दुसऱ्या दिवसापासून चिखलदऱ्यात जे काही सुरू झालं, ते फक्त महाराष्ट्रातली अशी चाळीस अतिहुशार मुलंच करू शकली असती.

कुणी कुणाच्या मागून काही करेना. टाळ्या बंद झाल्या, कारण पहिली टाळी वाजवणाऱ्याला दुसरा मिळेना. दुपारच्या जेवणानंतर पदार्थविज्ञानाच्या तासाला एकाला जांभई आली, की बाकीचे एकोणचाळीस दातओठ खाऊन आपली जांभई गिळायचे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी बघून ते सर आपल्या व्याख्यानावर फारच खूश झाले. अंताक्षरी सुरूच झाली नाही. दुसऱ्याच्या अक्षरावरून गाणं म्हणणं म्हणजे उघड उघड शरणागती. सकाळच्या फेरफटक्याला चाळीस मुलं चाळीस वेगवेगळ्या चालींनी चालायची. कुणाचं पाऊल शेजाऱ्याच्या पावलाशी जुळलं की तो दचकून एक उडी मारायचा. भीमकुंडापाशी उभ्या असलेल्या पर्यटकांनी वाट सोडली आणि ही मुलं कोणत्या संस्थेतली आहेत याची दबक्या आवाजात चौकशी केली.

यशोधरा या सगळ्यात सर्वांत निष्ठेनं उतरली. खोलीत नाझनीन बोलायला लागली की ती गालाची आतली कड दातांखाली धरायची.

"...तर मामू म्हणतो कसा, 'साहेब, सतार वायरलेस करतो, पण मग ऐकायला तुमचे कान पण काढून ठेवावे लागतील!'" नाझनीननं तोच पुढारी पुन्हा एकदा डोलवला.

यशोधरा पुस्तकात बघत राहिली. पोटात हसण्याची कळ येत होती. तिनं श्वास रोखून मनातल्या मनात सतराचा पाढा म्हटला.

"हसू नाही आलं व्हय?"

"आलं नाही."

"खोटं बोलतीस. नाक बघ तुजं, फुगलंय."

"नाझनीन, तुला माहीत आहे ना मला ते जहाज किती हवंय?"

नाझनीननं सतार मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मी बोललो की तुजे गुण जातात. मी काय चोर हाय व्हय तुज्या खोलीतला?" तिनं सतारीला गवसणी घातली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर मामूच्या गोष्टी बंद झाल्या. दोघी एकमेकींना साबण आणि किल्ली द्यायच्या, तेवढंच बोलणं उरलं.

पुढचा फलक लागला तेव्हा मॅडमनी आधी पट्ट्यांच्या बॅटऱ्या तपासल्या. पहिल्या फलकाचे गुण पुसून मोजणी नव्यानं सुरू केलेली होती, आणि जवळजवळ सगळ्यांपुढे शून्य होतं. कुणीच कुणाच्या मागून जात नाही, म्हटल्यावर कुणीच कुणाच्या पुढेही नव्हतं. फक्त एका नावापुढे तीन गुण होते, आणि ते नाव होतं यशोधरा ढोके. तिला तीनदा शिंक आली होती, दर वेळी शेजारचं कुणीतरी दचकलं होतं, आणि दचकणं काही कुणाला गिळता आलं नव्हतं.

तिनं बाबांना फोन लावला.

"बाबा, मी पहिली आली."

"अरे वा! माही वाघीण! मंग आवाज असा काहून पडला?"

"काही नाही, घसा बसला."

"घसा नाही बसला वं तुहा. औषधाचं दुकान चालवतो मी, इतकं तर मले समजते. ते मिरजेची पोट्टी काय म्हणते? तिच्या मामाच्या गोष्टी सांगितल्याच नाहीत तू आठ दिवसांत."

यशोधरानं रेंज जात असल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज उत्तम होती. पहिलं येऊन इतकं वाईट वाटायची ही तिची पहिलीच वेळ होती आणि त्याचं करायचं काय ते कोणत्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं.

मॅडमना काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. मोजायला सुरुवात केली की मोजायची गोष्टच अंग चोरते, हे त्या गेली तीस वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या, आणि स्वतः मात्र त्यातच अडकल्या होत्या. पण जहाजाला एक नाव कळवायचंच होतं. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना मागच्या पटांगणात उभं केलं. तिथं गव्हाच्या जाडसर पिठाची पोती, वांग्यांचा ढीग, तुरीची डाळ, तुपाचा डबा आणि गोवऱ्यांची रास मांडून ठेवली होती.

"दुपारी तुमचे पालक येतायत," त्या म्हणाल्या. "त्यांना पंगत वाढायची. आपल्या वऱ्हाडाचा पाहुणचार, रोडगे आणि वांग्याची भाजी. स्वयंपाकघरातल्या सगळ्या मंडळींना मी आज सुट्टी दिली आहे. प्रमुख कोणीही नाही. जेवणं झाली की आतापर्यंतच्या गुणांत आजचे मिळवून फलक लावेन, तोच शेवटचा."

आणि त्या चष्मा शोधत निघून गेल्या.

चाळीस मुलं पिठाच्या पोत्यांभोवती उभी राहिली. पहिल्या काही मिनिटांत अकरा योजना मांडल्या गेल्या. अर्चितनं जमिनीवर काडीनं कामाच्या वाटणीची आकृती काढली. ती बघायला कुणी वाकलं नाही, कारण वाकणं म्हणजे मागून जाणं. लातूरच्या एका मुलानं जाळ पेटवण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि काडेपेटी कुणीतरी आणून देण्याची वाट बघत राहिला. सूर्य वर चढत होता. वांगी होती तशीच होती.

यशोधराला रोडगे येत होते. थंडीच्या दिवसांत त्यांच्या घरचं रोडग्यांचं जेवण मळ्यात व्हायचंच. कणीक घट्ट भिजवायची, तेल लावून पदर घालायचे, गोळे वळायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे आणि मग गरम राखेत पुरून ठेवायचे. ती पुढे झाली असती तर कदाचित चार जण आलेही असते. पण आले नसते तर? तिचे तीन गुण होते. काहीही केलं नाही तरी ते तीनच राहणार होते आणि तीन म्हणजे पहिला नंबर. म्हणून ती हाताची घडी घालून उभी राहिली आणि तिला स्वतःचा फार राग आला.

तेवढ्यात नाझनीन पुढे आली. तिला रोडगा म्हणजे काय हे सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. तिनं बाह्या सरसावल्या, परातीत पीठ ओतलं आणि वर बादलीभर पाणी ओतलं. पिठाची पेज झाली. तिनं पीठ घातलं. पीठ जास्त झालं. तिनं पाणी घातलं. पाणी जास्त झालं. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट झाले, ओढणी परातीत गेली, चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला. अडतीस जण गंभीर चेहऱ्यांनी बघत होते. चष्मा वर सारायला तिनं कोपर लावलं, तर भुवईला पीठ लागलं. खांदा लावला, तर कान भरला.

मग तिनं मान वर करून यशोधराकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"येशे," ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "माजं नाक लई खाजतंय. पण तू नको येऊ खाजवायला. माज्या मागनं आलीस असं व्हईल आणि तुजं जहाज जाईल. मी दम धरतो."

यशोधराला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं, की आता हसलं तर समुद्र गेला. सतराचा पाढा तिच्या ओठांवर आला होता. सतरा एके सतरा. सतरा दुणे... आणि तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. मग दुसरा. मग आठ दिवसांचं सगळं हसू एकदमच बाहेर आलं. ती पोट धरून खाली बसली, डोळे पुसत उठली, नाझनीनपाशी गेली आणि तिनं तिचं नाक नीट, दोन्ही बाजूंनी खाजवून दिलं. चष्मा पुसून डोळ्यांवर बसवला.

"तूप लाव म्हणजे सुटेल हाताचं," ती कशीबशी म्हणाली. "आणि हे रोडग्याचं पीठ आहे, पोस्टर चिकटवायचं नाही!"

आता नाझनीन हसायला लागली. आणि मग बाकीच्यांचं धरण फुटलं. लातूरचा मुलगा काडेपेटी हातात घेऊन हसत होता. अर्चित बेहेरे स्वतःच्या आकृतीवर बसून हसत होता आणि त्याला उचकी लागली होती. एकाची जांभई सुटली तर दहा जणांनी मनमुराद जांभया दिल्या. कुणीतरी वांगी चिरायला घेतली, शेजारच्यानं विचारलं, "किती बारीक?" आणि हा प्रश्न कित्येक दिवसांत कुणी कुणाला विचारलाच नव्हता. यशोधरा पदर घालून दाखवायची आणि वीस हात तसेच पदर घालायचे. गोवऱ्या पेटल्या, धूर झाला, सगळ्यांचे डोळे चुरचुरले. नाझनीननं सतार आणली आणि राखेतले रोडगे उलटायची वेळ झाली की ती तार छेडून सांगायची. निम्मे रोडगे करपले आणि उरलेल्यांतले काही थोडे कच्चे राहिले. पण पंगत बसली तेव्हा वाढणाऱ्यांची रांग बघून मॅडम दारातच थांबल्या.

यशोधराचे बाबा सकाळीच अकोल्याहून निघून आले होते. नाझनीनची अम्मी आदल्याच दिवशी मिरजेहून निघाली होती. दोघं शेजारी शेजारी बसली होती आणि रोडगा फोडून त्यात तूप कसं मुरवायचं हे बाबा अम्मींना समजावून सांगत होते.

जेवणं आटोपत आली; बाबांच्या पुढ्यात मात्र अजून रोडगा होता. मॅडमनी फलक लावला.

"नाझनीन सतारमेकर," त्या म्हणाल्या. "पहिली. सकाळी तिनं परातीला हात घातला आणि तिथून पुढे सगळं शिबिर हललं. दुसरी यशोधरा ढोके. फक्त दोन गुणांनी मागे."

समुद्र गेला. यशोधराला रडू येईल असं वाटलं आणि तेवढ्यात तिनं नाझनीनकडे पाहिलं. ती कानात अजून सुकलेलं पीठ घेऊन, तोंड उघडं ठेवून फलकाकडे बघत होती. यशोधराला आनंद झाला. खराखुरा, बेसावध गाठणारा आनंद. तिनं जोरात टाळी वाजवली. शिबिरातली ती कित्येक दिवसांतली पहिली टाळी. तिच्या मागोमाग अडतीस मुलांनी, मग पालकांनी, सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

फलक लुकलुकला. यशोधरा ढोके, पहिली.

"अरेच्चा," मॅडम म्हणाल्या. "मी मोजणी थांबवली नाही वाटतं. तिच्या टाळीमागून सगळ्यांच्या टाळ्या आल्या ना!"

"येशे!" नाझनीन ओरडली आणि तिनं उड्या मारत यशोधरासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळे तिच्या मागोमाग उड्या मारू लागले. फलक पुन्हा लुकलुकला. नाझनीन, पहिली.

यशोधरानं शिट्टी मारली. चाळीस शिट्ट्या. यशोधरा पहिली. नाझनीननं फुगडीसाठी हात पुढे केले. नाझनीन पहिली. फलकावर दोन नावं झोक्यासारखी खालीवर व्हायला लागली. पालक कुठल्या नावावर टाळ्या वाजवायच्या ते कळेना म्हणून दोन्हींवर वाजवू लागले. शेवटी मॅडमनी भिंतीपाशी जाऊन बटण बंद केलं. फलक काळा झाला आणि त्या डोळ्यांतलं पाणी पुसत हसत सुटल्या.

"वीस वर्षं घालवली मी या यंत्रात," त्या म्हणाल्या. "कोण पुढे आणि कोण मागे, ते कायमचं ठरलेलं असतं असं मी धरून चालले होते. तिथंच चुकलं. आता जहाजाला मी कुणाचं नाव कळवू? बिछाना एकच आहे."

यशोधरा आणि नाझनीन एकमेकींकडे बघेनात.

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मॅडम, मी मधी बोलू काय? हे जहाज मधी कोचीले थांबते ना?"

"थांबतं. दोन दिवस."

"मंग काय आहे त्यात? आमच्या अकोला-नागपूर एस.टी.त रोजच होते हे. सीट एक अन् माणसं दोन. बडनेऱ्यापर्यंत तुम्ही बसा, पुढं मी बसतो. एक पोट्टी गोव्यावरून कोचीले जाईन, दुसरी कोचीवरून परत येईन."

मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं, आणि फोन काढून थोड्या बाजूला गेल्या. मुलं श्वास रोखून उभी होती. दुरून मॅडमचा आवाज येत होता, "होय, अर्ध्या अर्ध्या... नाही हो, बिछाना अर्धा नाही, प्रवास अर्धा..." मग त्या वळल्या आणि त्यांनी मान हलवली. पटांगणात जो गलका झाला तो खाली परतवाड्यापर्यंत ऐकू गेला असेल.

"जहाजावर जेवायला काय देतात, विचार गं आधी," अम्मी नाझनीनला म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या.

"आता एवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या, "पहिल्या टप्प्यात कोण जाणार?"

"येशी जाईल," नाझनीन म्हणाली.

"नाही, नाझनीन जाईल."

"अगं, तू समुद्र कधी बघितला नाहीस!"

"सोळा वर्षं थांबले, अजून तीन आठवडे थांबीन. आणि तू तिथं सगळ्यांना हसवून ठेव. मला एकटीला त्या शास्त्रज्ञांच्यात जायची भीती वाटते. तू आधी जा, मी तुझ्या मागून येते."

आजूबाजूची मुलं हसायला लागली. अर्चितनं लगेच विचार करून नाणं उडवायची सूचना केली आणि कुणीच ती ऐकली नाही. नाझनीन हात जोडत होती, पाया पडायची धमकी देत होती. यशोधरा जागची हलली नाही.

"मॅडम, लिहा," ती ठामपणे म्हणाली. "नाझनीन पहिली. मी दुसरी."

बालवाडीपासून आजवर दुसरा नंबर आला की ताटावरून उठून जाणाऱ्या लेकीच्या तोंडचे हे शब्द बाबांनी ऐकले आणि त्यांचा घास हातातच राहिला. शेजारी बसलेल्या अम्मींना त्यांचे डोळे भरलेले दिसले.

"काय झालं भाईसाब? धूर गेला का डोळ्यांत?"

"नाही," बाबा म्हणाले. "माही पोरगी मोठी झाली."

आणि त्यांनी आणखी एक रोडगा मागितला, करपलेला होता तरी.